ओ

कुरेस्सारे, फेब्रुवारी. रात्रीचे दोन वाजून चाळीस.
समुद्र गोठलाय, निदान किनाऱ्यापाशी तरी.
हॉस्पिटलच्या तळघरात मी आणि टावेट,
थर्मासमधली कॉफी, राय पावाचे दोन तुकडे,
आणि साऱ्या बेटाच्या छात्या, गुडघे, गर्भ
ज्याच्या पोटात काळे-पांढरे होऊन झोपलेत
तो सर्व्हर.

त्याचा जोडीदार तीन गल्ल्या पलीकडे,
जुन्या अग्निशमन केंद्रात.
हा जे लिहितो तेच तो लिहितो.
तिकडून ‘उतरलं’ असा निरोप येईपर्यंत
हा कुणाला ‘झालं’ म्हणत नाही.

आणि दर सेकंदाला एक हाक.
आहेस?
ओ.
आहेस?
ओ.
जमिनीखालची ती वायर दुसरं काही बोलतच नाही.
जुन्या लग्नांत साधारण एवढंच उरतं, टावेट म्हणतो.
त्याचं मोडून दीड वर्ष झालं.

ओ आली नाही तर?
सोपं वाटतं: तो मेला, आता मी.
पण मधली वायरच तुटली असेल,
आणि तोही तिकडे बसून
माझ्याबद्दल हेच म्हणत असेल, तर?

मला हे कुणी शिकवायला नको होतं.
वादळानं टेलिफोनचे खांब आडवे केले त्या हिवाळ्यात
आजोबा गेले.
माझा बाप काल्यो बेटाच्या या टोकाला,
आडूकाका त्या टोकाला.
दोघांनाही वाटलं, दुसरा बर्फाखाली गेला.
मागे नाव एकच होती, देणी पुष्कळ.
दोघांनी ती विकली.
वसंतात दोन गिऱ्हाइकं धक्क्यावर उभी,
दोघांच्या हातात खऱ्या सह्या.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
अजून आमच्यात मयताला दोन वेगळ्या बाकांवर बसतात.

म्हणून मी तिसरा मागितला.
लायब्ररीत, हिल्याच्या टेबलाखाली,
बुटांच्या खोक्याएवढं यंत्र.
त्यात एकही चित्र नाही. फक्त एक मत.
ते ज्याच्या बाजूनं पडेल त्यानं चालायचं,
दुसऱ्यानं गप्प राहायचं.
हिल्या त्यावर पाय ठेवून पुस्तकं नोंदवते,
थंडीत ते ऊबदार असतं म्हणे.

तरीही एक नियम उरला होता,
जो टाइप करताना मी मध्येच थांबले:
गादीवर बसण्याआधी दुसऱ्याची वीज तोड.
तो मेलाय असं धरून चालू नकोस,
तो मेलेला असेल अशी तजवीज कर.
टावेटनं ही ओळ दोनदा वाचली
आणि काही न बोलता सही केली.

दोन बावन्न.
मी वायर उपटते.
पंखे उतरत उतरत थांबतात.
इतकी शांतता या खोलीत मी कधी ऐकली नव्हती.

आहेस?
आहेस?
आहेस?

टावेट ओठांनी मोजतोय. सहा. सात.
तिकडच्या खोलीत माणूस नाही,
असलाच तर एखादा उंदीर.
नऊ.
माझ्या कानात माझंच रक्त.
अकरा,
आणि त्यानं नाव उचललं.
तेच नाव, ज्यानं सगळं हॉस्पिटल हाक मारतं.

तिसऱ्या मजल्यावर लेइदा नर्सच्या पडद्यावर
एका कोळ्याचं खुब्याचं हाड अर्ध्यावर अडकलं होतं.
तिनं एक शिवी हासडली, बाही खाली ओढली,
तेवढ्यात उरलेलं हाड आलं.
जिथं मोडलं होतं तिथंच मोडलेलं.
आता ती चहा पितेय.

मी वायर परत लावते.
पहिला जागा होतो, आणि जुन्या सवयीनं
मालक असल्यासारखं बोलायला तोंड उघडणार
इतक्यात त्याला विचारावं लागतं:
मी नव्हतो तेव्हा काय काय झालं?
दुसरा सांगत बसतो. पहिल्यापासून. न चिडता.

आडूकाकाच्या मुलीचा नंबर आहे माझ्याकडे.
पहाटे तीनला कुणी कुणाला फोन करत नाही.
पडद्यावर आकडा सरकतोय,
एकवीस टक्के, बावीस.
तो पाव संपव, टावेट,
अजून वेळ आहे.